डबल स्टँडवरचे दिवस

मित्रांनो, मी एक जुनी स्कूटर आहे. माझा रंग मोरपंखी होता. उन्हाने त्याचे काय केले ते माझ्या तोंडून नको. कोथरूडमधल्या एका सोसायटीत जिन्याखालची जागा माझी. पुण्यात माझ्यासारख्या गाड्या इतक्या की सिग्नलला उभे राहिले तर आपलीच गर्दी पाहून आपल्यालाच लाज वाटावी. तेव्हा हिच्याकडे सांगण्यासारखे काय असणार, असे तुम्हाला वाटेल. पण एक गोष्ट अशी आहे, जी कितीतरी दिवस फक्त माझ्या सीटला ठाऊक होती.

कारखान्यातले मला फारसे आठवत नाही. पुढे-मागे माझ्याच बहिणी उभ्या होत्या आणि रंगाचा वास नाकात बसला होता, एवढेच. दुकानातून मला पूर्णिमाने घरी आणले. ती शाळेत खेळाची शिक्षिका. मूळची लोणी काळभोरची, मैदानावर वाढलेली. खो-खोत ती खांबावर झेपावली की समोरचा गडी बाद झालाच म्हणून समजावे. पहिल्या पगारात तिने मला घेतले, चाकाखाली लिंबू चिरडले आणि मला थेट हडपसरच्या शाळेपर्यंत नेले. लग्न होऊन ती केयूरच्या घरी कोथरूडला आली तेव्हा करवली म्हणून मीही आले.

ते दिवस फार चांगले होते. हँडलला शिट्टी लटकलेली, डिकीत मैदान आखायची फक्की, आणि तोंडाला स्कार्फ गुंडाळलेली पूर्णिमा. फक्की सांडून माझी डिकी कायम पांढरी असे. दर रविवारी ती मला स्वतःच्या हाताने धूत असे. समोरचे माधवराव सहसा कुणाला चांगले म्हणत नाहीत. तेसुद्धा एकदा म्हणाले, "गाडी कशी ठेवावी ते हिच्याकडून शिका."

मग तिला दिवस गेले. पोट दिसू लागले तशी तिने मला डबल स्टँडवर लावले, सीटवर थोपटले आणि म्हणाली, "येते गं लवकर."

लवकर काही ती आली नाही.

आमच्या इमारतीत घरात फोनला रेंज नसते, म्हणून सगळे पार्किंगमध्ये येऊन बोलतात. त्यामुळे मला सगळे कळते. केयूर मला टेकून कुणाला तरी सांगत होता, "मुलगी झाली, छान आहे. पण पूर्णिमाला फार त्रास झाला रे. आतपर्यंत फाटलं, मागच्या स्नायूपर्यंत. टाके घातले होते, पण ते नीट जुळून आले नाहीत. आता परत ऑपरेशन."

मित्रांनो, आपल्या अंगात कमरेखाली, अगदी तळाशी, स्नायूंची एक झोळी असते. लघवी, शौच, वारा, सगळे तीच आवरून धरते. बाळ बाहेर येताना कधीकधी ही झोळी फाटते. त्यात त्या बाईचा काही दोष नसतो. ऑपरेशन करून ती शिवता येते. पण शिवल्यावर तिला पुन्हा काम शिकवावे लागते. हे मला पुढे कळले. तेव्हा मला एवढेच दिसले की पूर्णिमा रिक्षातून उतरली आणि भिंतीला धरून जिना चढली.

या सगळ्यात मुलीचे बारसे लांबले. ते झाले त्या दिवशी बायका जिना उतरताना हळू आवाजात बोलत होत्या. पाळण्याजवळ बसलेली असताना पूर्णिमाला वारा आवरला नव्हता. कुणीतरी हसले होते. तिने राजनंदिनीला, म्हणजे बाळाला, आईच्या हातात दिले आणि आत जाऊन दार लावले ते पाहुणे जाईपर्यंत उघडले नाही. त्यानंतर तिने घराबाहेर पडणेच सोडले. वाटेत शौचाला लागली आणि आवरली नाही तर, ही एकच भीती तिच्या मनात घर करून बसली.

माझा ब्रेक ढिला झाला की केयूर सगळ्या पार्किंगला ऐकवायचा. पूर्णिमाचे मात्र त्या एका फोननंतर कुणाला सांगायचे नव्हते. मला याचा राग येई.

एका दुपारी ती खाली आली. पुण्यात दुपारची झोप किती पवित्र असते ते तुम्हाला सांगायला नको. सगळी सोसायटी गुडूप होती. ती डबल स्टँडवरच माझ्यावर बसली, चावी न लावता. दवाखान्यात तिला व्यायाम सांगितला होता: टणक जागेवर ताठ बसायचे, वारा अडवताना आवळतो ते स्नायू आवळून वर उचलायचे, थोडे धरायचे, मग पूर्ण सैल सोडायचे. घरात बाळाला बघायला येणाऱ्यांची रीघ आणि बाळंतपणाला येऊन राहिलेल्या आईची नजर. तिथे नुसते ताठ बसले तरी कुणीतरी "काय गं, बरं नाही का?" विचारणार. म्हणून तिने मला निवडले. मला केवढा आनंद झाला!

तो फार टिकला नाही. हा व्यायाम बाहेरून कुणाला दिसत नाही, पण सीटला कळतो. आणि माझ्या सीटला कळत होते की पूर्णिमाचे उलटे चालले आहे. ती वर उचलत नव्हती. श्वास कोंडून खाली जोर देत होती. माझ्या स्प्रिंगा दर वेळी दबत होत्या. बाळंतपणात तिला सगळ्यांनी "जोर दे, जोर दे" म्हटले होते. तेच तिचे अंग धरून बसले होते. ती रोज येई, घामाघूम होई आणि त्रास आणखी वाढे. मला बोलता येत नाही. मी स्टँड करकरवून पाहिला. तिला वाटले, तेल संपले.

महिनाभराने एका संध्याकाळी ती केयूरला म्हणाली, "स्कूटर विकून टाक."

"का? आपल्याला काय घाई आहे?"

"मी आता मैदानावर जाणार नाही. शाळेलाही कळवते. रोज त्या गाडीला बघायचं आणि मनाला नाही म्हणायचं, हे मला झेपत नाही."

केयूरने माझे फोटो काढले आणि विक्रीसाठी ऑनलाइन टाकले. सगळे फोटो पुसट होते. तरी हडपसरच्या बद्रीनाथ नावाच्या गृहस्थांनी मला पसंत केले. त्यांना मुलीसाठी गाडी हवी होती. मुहूर्त पाहून ते दसऱ्याला न्यायला येणार होते.

पूर्णिमाने दवाखान्यात जाणेही बंद केले होते. म्हणून तिथल्या फिजिओथेरपिस्ट कादंबरीताई एक दिवस जेवणाच्या सुट्टीत स्वतःच आल्या. पूर्णिमा माझ्यावरच बसलेली होती. ती उठू लागली.

"उठू नका. जागा झकास शोधलीत. करून दाखवा बघू."

पूर्णिमाने करून दाखवले. ताईंनी तिच्या पोटावर हात ठेवला आणि त्या थबकल्या. "हे काय बांधलंय?"

ड्रेसच्या आत जुन्या सुती लुगड्याचा पट्टा होता, करकचून आवळलेला. पूर्णिमाची आई, मुक्ताई, रोज सकाळी स्वतः तो बांधत असे. नेमकी तीच नातीला खांद्यावर घेऊन खाली आली.

"मीच बांधते," ती म्हणाली. "न्हाई बांधलं तर पोट सुटतंय. आमच्यात समद्या बाळंतिणींचं असंच बांधत्यात."

"मावशी, तुम्ही मायेनंच बांधता. पण इतकं आवळलं की श्वासाला जागा उरत नाही. सगळा दाब खाली जातो, नेमका शिवलेल्या जागेवर. आणि पूर्णिमा, तुम्ही वर उचलत नाही आहात, खाली ढकलताय. श्वास सोडता सोडता उचलायचं."

मुक्ताईचा चेहरा पडला. "म्हंजी माझ्यामुळं हिला..."

"नाही मावशी. फाटलं ते तुमच्यामुळं नाही. आता सोडा, एवढंच."

 मुक्ताईने नात कादंबरीताईंकडे दिली, लेकीच्या पाठीमागे हात घालून गाठ सोडली आणि पट्टा उलगडता उलगडता खालच्या आवाजात म्हणाली, "मला पण हाय वो. ही झाल्यापास्नं. खोकलं की लुगडं ओलं. बाईच्या जातीला असंच असतंय म्हणून कुणाला बोलले न्हाई."

"आई!" पूर्णिमा म्हणाली. "इतकी वर्षं?"

"कुणाला सांगायचं गं?"

पूर्णिमा रडू लागली. बारशाच्या दिवशीसुद्धा ती रडली नव्हती. मुक्ताईने तिचे डोळे पदराने पुसले आणि हातातल्या पट्ट्याने माझ्या हँडलवरची धूळ पुसली. तेव्हापासून तो पट्टा माझ्याच डिकीत आहे.

दुसऱ्या दिवसापासून पार्किंगमध्ये दोघी येऊ लागल्या. लेक माझ्यावर, आई शेजारी केयूरच्या बाइकवर. दोघी ताठ बसायच्या, श्वास सोडायच्या, आणि गाड्या जागच्या हलायच्या नाहीत. सुरुवातीला काही जमले नाही. मग एका दुपारी माझ्या सीटवरचा भार किंचित हलका झाला, जणू कुणी आतून पाऊल उचलले. तो क्षण मी विसरणार नाही. पूर्णिमालाही कळले. ती नुसती "आई" म्हणाली.

एकदा माधवराव झोपमोड झाल्यासारखे खाली आले. "काय हो, डबल स्टँडवर कुठवर पोचलात?"

एरवी पूर्णिमा खाली मान घालून पळाली असती. त्या दिवशी तिने सरळ त्यांच्याकडे पाहिले. "काका, बाळंतपणात माझे आतले स्नायू फाटले. ऑपरेशन झालं. त्यांचा व्यायाम करतेय. आईचाही राहून गेला होता."

माधवरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हं," म्हणाले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी खांबावर त्यांच्या वळणदार अक्षरात पाटी होती: 'येथे दुपारी व्यायाम चालतो. हॉर्न वाजवू नये. चौकशी करू नये.'

दसरा आला. सगळ्या गाड्या धुतल्या गेल्या, झेंडूचे हार पडले. विकायचे म्हणून केयूरने माझी दुरुस्ती करून घेतली होती. पूर्णिमाने व्यवहार मोडला नव्हता. तिचे बरे दिवस वाढले होते, पण वाईट दिवस संपले नव्हते, आणि रस्त्यावर जायची भीती तशीच होती. मला वाटले, आपले आता हडपसर. सकाळी बद्रीनाथ खरोखरच हार घेऊन हजर झाले.

"एक मिनिट," पूर्णिमा म्हणाली. "मी एक चक्कर मारून येते."

"ताई, चालवून बघायची ती मी की तुम्ही?"

तिने हेल्मेट चढवले. कादंबरीताईंनी आता चालवायला हरकत नाही असे सांगितले होते, ते तिने आजवर मनावर घेतले नव्हते. तिने मला स्टँडवरून काढताना मुद्दाम श्वास सोडला. फाटकाबाहेर पडल्यावर चढाजवळ एक आडदांड स्पीडब्रेकर आहे. त्याच्या अलीकडे तिचे हात घट्ट झाले. मग एक लांब श्वास बाहेर आला आणि माझ्या सीटला आतून ती उचल जाणवली, अगदी वेळेवर. आम्ही पलीकडे उतरलो. काही झाले नाही, मित्रांनो. काहीच झाले नाही. ती मोठमोठ्याने हसत होती आणि मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवत होते.

ती परत आली आणि हेल्मेट न काढताच म्हणाली, "माफ करा. गाडी विकायची नाही."

बद्रीनाथ वैतागले. "अहो, मग फोटो कशाला टाकलेत? मी सणाचा हडपसरहून आलो." त्यांनी एकवार तिच्या चेहऱ्याकडे पाहिले, दारात उभ्या मुक्ताईकडे पाहिले, आणि हातातला हार माझ्या हँडलला घातला. "आणलाच आहे, तर राहू दे."

आता आम्ही पुन्हा मैदानावर जातो. पूर्णिमा अजून धावत नाही. शिट्टी वाजवते आणि ओरडते. एखाद्या दिवशी घाईने परतावेही लागते. पण का परतलो, हे ती आता घरात सगळ्यांना सांगते.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. माझा टायर बसला तर तुम्हाला लगेच दिसतो. माणसाच्या आत काय फाटले आहे ते असे दिसत नाही. तुमच्या घरातली आई, काकू, आजी खोकताना सावरून उभी राहत असेल, कुठे जायचे म्हटले की नको म्हणत असेल, तर हसू नका. तिला विचारा. तिला दवाखान्यात न्या.

परवा रविवारी मागच्या इमारतीतली निकिता तान्ह्या बाळाला घेऊन खांबापाशी आली. तिने पाटी वाचली, पुन्हा वाचली आणि खालच्या आवाजात विचारले, "ताई, हा व्यायाम कसला?"

मुक्ताईने तिचे बाळ घेतले. पूर्णिमाने डिकीतून तो जुना पट्टा काढला, माझी सीट स्वच्छ पुसली आणि म्हणाली, "बस."