विठूचा कोरा कागद

लढाईच्या दिवसांत चौक गावच्या दुकानात रॉकेल मिळेना, तशा वह्याही मिळेनाशा झाल्या. भागीबाई तिथल्या शाळेत चौथीला शिकवायच्या. मुलं पाटीवर गणित सोडवत, पुसून टाकत आणि दुसऱ्या दिवशी विसरून येत. शेवटी बाई म्हणाल्या, "एका बाजूनं कोरा असेल तो कागद घरून आणा. वह्या आपणच शिवू."

मुलांनी जुनी हँडबिलं आणली, पुड्यांचे कागद आणले. बाईंनी ते दुमडून एकात एक बसवले, दुमडीवर दाभणानं तीन भोकं पाडली, दोऱ्याला मेण लावलं. "आधी मधलं भोक, मग वरचं, मग खालचं, परत मधलं. दोरा ओढायचा, पण कागदाला कळता कामा नये."

हे शेवटचं बोलणं त्यांचं नव्हतं. त्यांचा नवरा विठू गिरगावात एका छापखान्यात बाइंडर होता. लग्न झालं त्या वर्षी सुट्टीला आला की ओटीवर बसून तो त्यांना वही शिवायला शिकवायचा, असंच बोलत. मग तो पलटणीत भरती झाला, ब्रह्मदेशाकडे गेला, आणि पुढं त्याची खबरच लागली नाही.

"बाई, तुमाला कुणी शिकिवलं?" जयानं विचारलं.

"आमच्या घरधन्यांनी."

"नाव काय त्यांचं?"

उखाण्याखेरीज बाईंनी ते नाव कधी घेतलं नव्हतं. आज मात्र ते ओठांशी आलं. मोठ्यानं म्हणावंसं वाटलं.

"दोरा बघ तुझा, सुटतोय," त्या म्हणाल्या.

परीक्षा तोंडावर आली आणि कागद संपला. घरी ट्रंकेत विठूनं मालकाला विचारून आणलेला पांढऱ्याशुभ्र कागदाचा गठ्ठा होता. परत आलो की आपल्या पोरांसाठी वह्या शिवू, म्हणून ठेवलेला. पोरं व्हायची होती अजून. रविवारी बाईंनी तो बाहेर काढला. सासू अंबाबाई तांदूळ पाखडत होती. तिचं सूप थांबलं.

"त्याचा हाय तो. आला न् मागितला तर?"

"मागू देत ना, आत्या. त्यांनी यावं, मागावा, रागवावं माझ्यावर. दुसरं काय मागतेय मी देवाकडं?"

अंबाबाईनं सुपातला एक खडा वेचून टाकला. मग "ने," म्हणाली आणि पाखडू लागली.

असा कागद मुलांनी कधी हाताळला नव्हता. कुणी वास घेत होतं, कुणी गालाला लावत होतं.

"याच्यावर लिवायला मन होत नाय, बाई," जया म्हणाली.

"लिही गं. कोरा ठेवून काय करायचंय?" बाईंनी तोंड फळ्याकडे फिरवलं.

लढाई संपली. शेजारच्या गावचा सदू पलटणीतून परत आला. त्यानं विठूला रंगूनच्या अलीकडे एका नदीकाठी पाहिलं होतं, त्यानंतर नाही. बाई त्याच्याकडे पुन्हापुन्हा गेल्या, तेवढंच ऐकायला. विठू काही आला नाही. दुकानात वह्या आल्या, तरी दर जूनला बाई मुलांना वह्या शिवायला बसवतच राहिल्या.

एकदा संध्याकाळी त्या शाळेसाठी दोरा मेणावरून ओढत होत्या. अंबाबाई येऊन शेजारी टेकली. जन्मात तिनं पाटीला हात लावला नव्हता.

"मला पन दाखव," ती म्हणाली. "माझा पोर तुला काय शिकवून गेला ते."

बाईंनी दुमडलेले कागद तिच्या मांडीवर ठेवले, दाभण हातात दिलं. म्हातारीचं पहिलं भोक वाकडं गेलं.

"वाकडं झालं गं."

"होऊ दे. माझंही झालं होतं. विठू हसले होते."

नाव तोंडातून निघून गेल्यावर बाईंच्या ध्यानात आलं. अंबाबाईनं वर पाहिलं, कागद सरळ केला आणि दाभण पुन्हा टेकवलं.