न उचलायचा फोन

मी फोन बोलतोय. हसू नका. बोलणं हा माझा धर्म खरा, पण आयुष्यातली नऊ वर्षं मी नुसता वाजलो.

सुरतेतल्या उधन्याच्या एका दुकानातून काशिनाथ सोनवणे यांनी मला घेतलं. मी काळा, बटणांचा, पंजात मावणारा. ते साफसफाईची कंत्राटं घेणाऱ्या कंपनीत एरिया मॅनेजर झाले, त्याच आठवड्यातली ही गोष्ट. त्याआधी बारा वर्षं त्यांनी स्वतः पोछा मारला होता. सुरतेपासून बारडोलीपर्यंत अठरा साइटी त्यांच्या गळ्यात पडल्या. सकाळी कोण कुठे पोचलं, हे एका माणसाला कळणार कसं?

भाऊंनी युक्ती काढली. सगळे त्यांना भाऊच म्हणत.

"पोचलात की मिस कॉल द्यायचा. मी उचलणार नाही. दुपारी मी केला, तर तुम्हीही उचलायचा नाही. काम ठीक असेल तर उलट एक मिस कॉल मारायचा, बस."

साफसफाई करणाऱ्या बायकांच्या फोनात बोलण्यापुरता बॅलन्स क्वचितच असे, त्यामुळे ही रीत सगळ्यांना मानवली. काय त्या सकाळी होत्या! भाऊ लिंबायतच्या घरी चहा पीत बसायचे आणि मी टेबलावर थरथरत राहायचो. बँक पोचली, दवाखाना पोचला, कापड मार्केट पोचलं. मला तर वाटायचं, मी वाजल्याशिवाय सुरतेत झाडू हलत नाही. थोडा गर्व होता, कबूल करतो.

सगळ्यांत पहिली रिंग सखुबाईंची. पाच पन्नास. बमरोलीच्या एका मिलचं ऑफिस त्या एकट्या झाडायच्या. एकच टिर्र, की कट.

मग साइटींवर हजेरीसाठी अंगठ्याची मशीनं आली. मिस कॉल बंद, असा वरून हुकूम आला. एकेक नंबर गप्प झाला. मी ड्रॉवरमध्ये जाणार असं वाटलं, पण सखुबाईंची रिंग काही थांबली नाही. उलट ती लांबली. एका टिर्रवर कट करणारी बाई आता शेवटपर्यंत वाजू द्यायची.

भाऊ हसायचे. "बाईंची सवय जात नाही."

मी ओरडत होतो हो! पण मला ओरडायला एकच सूर दिलेला. ती बाई बोलू पाहतेय, हे मी सांगणार कसं? आणि भाऊ आपल्याच नियमाला इतके बांधलेले, की उचलावं हे त्यांच्या मनातच आलं नाही.

महिनाअखेरीला मुख्य ऑफिसातून यादी आली. सखुबाई, महिनाभर गैरहजर, कामावरून कमी करा. त्या दिवशी बारडोलीत नवी साइट सुरू होत होती. भाऊंनी घाईत 'ठीक' म्हटलं आणि ऑफिसातल्या किरणला निरोप द्यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पाच पन्नासला मी वाजलो नाही.

भाऊंनी चहाचा कप खाली ठेवला. मला हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, मग मिस कॉलची यादी उघडली. माझ्यात वीसच कॉल मावतात. वीसही सखुबाईंचे, वेगवेगळ्या तारखांचे, पाच पन्नासच्या आगेमागे.

"अरे देवा," भाऊ म्हणाले, "बाई तर रोज येत होती."

त्यांनी लगेच फोन लावला. तिकडून उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदाही नाही. मला खिशात टाकून भाऊ तसेच निघाले. सखुबाईंची खोली दोन गल्ल्या पलीकडे होती.

सखुबाई उंबऱ्यात बसल्या होत्या, फोन मांडीवर.

"बाई, उचलला का नाही?"

"तुम्हीच तं सांगेल व्हतं भाऊ, उचलाना नही." त्यांनी उजवा अंगठा पुढे केला. "त्या मशीनले मना अंगठा समजस नही. रोज लाल लाइट. तेच सांगाले फोन लावू मी."

वीस वर्षं फिनेल आणि ॲसिडात बुडून त्या अंगठ्यावरच्या रेषा पुसून गेल्या होत्या. भाऊंनी तो अंगठा पाहिला आणि आपलाही पाहिला. मग तिथेच पायरीवर बसले. त्यांना फार लाज वाटली. मलाही वाटली, उगाच का सांगू!

भाऊ मुख्य ऑफिसशी भांडले. वीस तारखा त्यांनी एकेक करून वाचून दाखवल्या. सखुबाई परत बमरोलीला लागल्या. त्यांच्यासाठी सहीची वही ठेवली आहे.

आता मी म्हातारा झालोय. पाचाचं बटण दोनदा दाबावं लागतं, बॅटरी फुगलीय, रात्रभराचा चार्ज जेमतेम पुरतो. नवा फोन घ्या, असं भाऊंना सगळे सांगतात. पण सकाळी मी वाजलो, की भाऊ चहा बाजूला ठेवून मला कानाला लावतात.

"बोला, बाई."

"काही नही भाऊ. उनू मी."

बाई कामावर पोचल्या, एवढंच. तेवढ्यासाठी तरी देवा, माझी बॅटरी रोज पाच पन्नासपर्यंत टिकू दे.