बारीक बुडबुड्यांची टाकी

मित्रांनो, मी खनिजाच्या कारखान्यातली एक जुनी टाकी आहे, आणि मध्यंतरी मला माझीच किळस येऊ लागली होती.

दळलेल्या दगडाचा चिखल माझ्यात येतो. त्यात पिठाहून बारीक असे तांब्याच्या खनिजाचे सोनेरी कण असतात. तळाच्या नळीतून हवा सुटते, कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि फेसाबरोबर काढून घेतले जातात.

बुडबुडा मात्र लहानच असायला हवा. मोठा बुडबुडा घाईने वर धावतो, पाणी बाजूला सारतो. त्या पाण्याबरोबर बारीक कणही सरकतो आणि निसटतो. लहान बुडबुडे दाटीवाटीने, सावकाश चढतात. त्यांच्या तावडीतून सहसा कुणी सुटत नाही.

माझी देखरेख करणारे साहेब दर आठवड्याला स्वतः नळी उपसून तिची सुईच्या टोकाएवढी भोकं घासत. फेस धरावा म्हणून माझ्यात तेल घालतात, त्याचा उग्र वास त्यांच्या हातांना कायमचा बसला होता. "घरी लेक जवळ येऊ देत नाही," ते हसून मुकादमाला सांगत. "म्हणते, शी, बाबा! आधी हात धुवा."

साहेब वारले. मग नळीला कुणी शिवलंच नाही. काही भोकं बुजली, काही फाटली. माझ्या पोटातून ढेकरांसारखे बुडबुडे निघू लागले. फेस काठावरून ओघळून वाळला, त्याला आंबूस वास सुटला. उरलेला चहा, सिगारेटची थोटकं, सगळं माझ्यातच. मुकादम मात्र खूश. "फेस बघा, कसा उतू जातोय!" तांबं सांडपाण्यातून वाहून जात होतं. शेवटी ठरलं, टाकी निकामी झाली, भंगारात काढा.

भंगारवाल्याच्या आधी साहेबांची लेक आली. ती इथल्याच प्रयोगशाळेत काम करते.

"काका, नळी शेवटची कधी उपसली होती?" तिने मुकादमाला विचारलं.

"त्या घाणीत कोण हात घालणार, ताई?"

तिने बाह्या वर सारल्या. नळीवर काळा, बुळबुळीत, सडका थर होता. तिला दोनदा उमासे आले, पण घासणं थांबलं नाही. फाटका तुकडा बदलून तिने हवा सोडली.

"एवढुसाच फेस?" मुकादमाने नाक मुरडलं.

तिने सांडपाण्याचा पेला त्याच्यापुढे धरला. कालपर्यंत तळाशी सोनेरी झाक साचायची. आज नुसता राखाडी गाळ होता. मुकादमाने पेला उजेडाकडे धरून पाहिला. "भंगारवाल्याला नको म्हणून कळवतो," तो पुटपुटला.

मित्रांनो, वरच्या फेसाला भुलू नका. तळाशी हात घाला. घाण लागेल, लागू द्या.

जाताना तिने हात नाकाशी नेले.

"शी, बाबा!" ती हळूच म्हणाली, आणि हात न धुताच निघून गेली.