टाकीएवढा ड्रोन

डोक्यावर पातेली, कढया आणि एक कुकर घेऊन सगळी गल्ली लाँड्रीसमोर उभी होती. कुकर न्हाव्याच्या डोक्यावर होता; शिट्टी मात्र तो घरी ठेवून आला होता.

ड्रोन पहिल्यांदा दिसला तो लाँड्रीवालीला. दारावरच्या कॅमेऱ्याचं चित्र काउंटरवरच्या पडद्यावर दिसतं, तिथे तो समोरच्या पाण्याच्या टाकीपुढे तरंगत होता. टाकीएवढाच, काळा, आठ हातांचा. ती धावत बाहेर आली तर आकाश रिकामं. आत गेली, तर पडद्यावर स्वारी हजर.

आभाळगुरूंना एवढं पुरे होतं. कालपरवापर्यंत छत्र्या दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थांनी डोळे मिटून जाहीर केलं की, हा ड्रोन परग्रहावरचा असून ओल्या कपड्यांतून माणसाचं नशीब शोषून घेतो. नऊ दिवस गच्चीवर कपडे वाळत घालायचे नाहीत, डोक्यावर भांडं हवं आणि गळ्यात त्यांनी मंतरलेली चकती. ती चकती छत्रीच्या टोपणासारखी का दिसते, हे कुणीच विचारलं नाही.

इकडे लाँड्रीवालीचा जीव टांगणीला लागला. दवाखान्याच्या साठ चादरी दोन दिवस ओल्या पडून कुबट वास मारत होत्या. उद्या पोचल्या नाहीत, तर दवाखान्याचं काम हातचं जाणार होतं.

"मग घाल की वाळत," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं.

"आई, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय तो."

"पाहिलास ना? मग काहीतरी आहेच. किती मोठं आहे, ते बघू. एक डोळा मीट. दुसऱ्यासमोर अंगठा धर. टाकी दिसते?"

"नाही. झाकली गेली."

"म्हणजे तुझा अंगठा टाकीएवढा झाला?"

लाँड्रीवालीने हळूच मान वर करून दारावरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. दोन दिवस गल्ली आकाश धुंडाळत होती. कॅमेऱ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. भिंगापुढे बोटभर अंतरावर, एका धाग्याला लटकून, एक कोळी मजेत झोके घेत होता.

तिने झाडूने धागा अलगद उचलला. पडद्यावरचा ड्रोन गायब झाला आणि कोळी उतरला तो थेट दारात उभ्या असलेल्या आभाळगुरूंच्या खांद्यावर. परग्रहाशी झुंज घेणारे गुरू एका उडीत इस्त्रीच्या टेबलावर चढले.

तासाभरात साठ चादरी गच्चीवर फडफडू लागल्या.

मुलांनो, डोळे खोटं बोलत नाहीत, पण कधी कधी अंतर सांगायला विसरतात. तेव्हा आभाळात काही अजस्र दिसलं, तर डोक्यावर पातेलं घालण्याआधी त्याच डोक्याला विचारा, ते मोठं आहे की नुसतंच जवळ आहे? पातेलं चुलीवरच शोभतं.