हौसाबाईंचे गुडघे

आमच्या ह्यांचा देव राजा आहे. लग्न झाल्यापासून मी त्या राजाच्या दरबारातच राहते, म्हणून ठामपणे सांगते. प्रार्थनेच्या आधी हे सदऱ्याचे वरचे बटणसुद्धा लावतात, मग मे महिना का असेना. मी मेथी निवडता निवडता प्रार्थना करणारी. माझ्या देवाला त्याची सवय आहे.

शहाऐंशी साली ह्यांची पाळक म्हणून कल्याणला बदली झाली. मराठी ख्रिस्ती मंडळी लहानशी. पत्र्याचे छप्पर, खाली सतरंज्या, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. आधीचे पाळक मऊ स्वभावाचे होते. प्रभुभोजनाच्या रविवारी लोक बसल्या जागीच राहायचे आणि भाकरीची थाळी हातोहात फिरायची. ह्यांना ते बघवेना. "चिवडा वाटल्यासारखं वाटतात," म्हणाले. महिन्याभरात वेदीपुढे लाकडी कठडा आला. ज्याला प्रभूची भाकर हवी त्याने पुढे यायचे, कठड्यापाशी गुडघे टेकायचे, दोन्ही तळहात पुढे करायचे. हे वरून भाकरीचा तुकडा ठेवणार.

लोकांनी थोडी कुरकुर केली. पण कमिटीचे सेक्रेटरी होते भगवानराव, आणि नावातच देव असल्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होते. त्यांनी पहिल्या रविवारी गुडघे टेकले आणि मेंढरांसारखे सगळे मागून गेले. एक हौसाबाई सोडून.

हौसाबाई सत्तरीच्या पुढच्या, मूळच्या नगर जिल्ह्यातल्या, शहाडला मुलाकडे राहणाऱ्या. सगळ्यांनी गुडघे टेकले तरी त्या आपल्या जागी मांडी घालून बसून राहिल्या. ह्यांना वाटले, वय झालेय. उपासना संपल्यावर जवळ जाऊन म्हणाले, "हौसाबाई, गुडघे दुखत असतील तर सांगा. मी जागेवर आणून देईन. आजाऱ्यांना तशी सवलत आहे."

"माजं गुडघं धड हायेत, पाळकसाहेब," हौसाबाई म्हणाल्या. "शहाडपासनं चालत येते म्या."

"मग पुढे या."

"न्हाई जमायचं."

पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्याही. लोक कठड्यापाशी जायला लागले की त्या पदर तोंडावर घ्यायच्या, आणि पदराखाली रडतात हे मला दिसायचे. बाप्तिस्मा झाल्यापासून त्यांचे प्रभुभोजन कधी चुकले नव्हते. मुलाजवळ त्या म्हणाल्या होत्या, भाकरीवाचून मेले तर वर काय तोंड दाखवू? तरी जागची हलायची नाही बाई. आणि हेही हट्टाला पेटलेले. बरे, हट्टाला पेटलेला माणूस निदान पोटभर जेवतो तरी. ह्यांचे जेवणही तुटले. आपल्या हातून एक म्हातारी उपाशी राहतेय, हे त्यांना खात होते.

शेवटी मला म्हणाले, "शालू, तू जाऊन ये. गुडघे दुखतात एवढं म्हण, असं सांग तिला. मला तेवढं पुरे."

"म्हणजे पाळकाच्या बायकोने घरोघर जाऊन खोटं बोलायला शिकवायचं?"

"शालू."

माझे नाव असे नुसते घेतले की वाद संपला. मी गेले.

हौसाबाईंचा मुलगा वागळे इस्टेटमध्ये कामाला गेलेला. सून चहा टाकून नळावर गेली. हौसाबाई वाल सोलत होत्या, मीही बसून सोलायला लागले. निरोप सांगितला तशा त्या हसल्या.

"गुडघ्याची बात न्हाई, पाळकीणबाई. आमी ल्हान व्हतो तवा सणाच्या दिशी पाटलाच्या ओट्याखाली जायाचो, भाकर मागाया. खाली वाकून पदर पसरायचा आन् पाटलीणबाई वरनं भाकर टाकायच्या. हाताला हात लागू नये म्हून वरनं. येखादी भुईवं पडायची. ती बी उचलायची, आन् वर बघायचं न्हाई."

मी सोलायची थांबले. त्या सोलतच होत्या.

"मंग येक प्रचारक आला गावात. सगळ्यास्नी म्हनला, बसा. आमी उबंच. आमाला कुनी बसा म्हनल्यालंच नव्हतं कंदी. परत म्हनला, बसा की. आन् सोता आमच्या पंगतीत मांडी घालून बसला, भाकर मोडली आन् माज्या हातात दिली. त्याचा हात लागला माज्या हाताला. म्या इचारलं, तुमचा देव कसा असतो? तर म्हनला, ह्यो आसा, पंगतीत बसल्याला." त्यांनी टरफले सुपात झटकली. "त्या देवाचं नाव घेतलं म्या. आता त्याच्याच घरात म्या परत वाकून वरनं भाकर झेलू व्हय? तुमीच सांगा."

 मी उरलेले वाल सोलून दिले, चहा घेतला आणि निघाले.

घरी येऊन ह्यांना सगळे सांगितले. वाटले, आता तरी विरघळतील. हे उठून खिडकीपाशी गेले, आणि लग्नाला बारा-तेरा वर्षे झाल्यावर मला माझ्या सासऱ्यांची गोष्ट पहिल्यांदा कळली.

सासरे एका कारखान्यात बॉयलरवर कोळसा ओढायचे. तिथला फोरमन गोरा साहेब. त्याच्यापुढे सासरे दिवसभर उभे, मान खाली. ह्यांनी लहानपणी डबा घेऊन जाताना ते रोज पाहिलेले. पण रविवारी प्रभूच्या देवळात कठड्यापाशी तो साहेबही गुडघे टेकायचा, आणि तोही जागा मिळेल तिथे. एकदा तो नेमका सासऱ्यांच्या शेजारी आला. हे मागे बसलेले. ह्यांना वडिलांचे अनवाणी तळवे आणि साहेबाच्या बुटांचे तळ दिसले. साहेबाच्या बुटाला ठिगळ होते.

"दोघांची डोकी सारख्या उंचीवर," हे म्हणाले. "सबंध आठवड्यात तेवढा एक क्षण. मी तेव्हाच ठरवलं की देव असाच हवा. इतका मोठा, की त्याच्यापुढे साहेबालाही वाकावं लागतं. हा कठडा मी लोकांना वाकवायला घातला नाही गं. कुणी कुणापेक्षा उंच राहू नये म्हणून घातला." मग माझ्याकडे वळले. "आता हिला वाकवलं तर मी पाटील होतो. आणि कठडा काढला तर माझा बाप पुन्हा साहेबापुढे एकटा उभा राहतो. काय करू मी?"

मला ह्यांचा इतका कळवळा आला की चेष्टा सुचेना. असे क्वचितच होते.

माझ्या पोटात काही राहत नाही, हे सगळ्या मंडळीला ठाऊक आहे. बुधवारी महिला सभेला हौसाबाई भेटल्या, तेव्हा मी त्यांना बाजूला घेऊन सासऱ्यांचे सगळे सांगून टाकले. त्यांनी ऐकून घेतले आणि "आसं व्हय," एवढेच म्हणाल्या.

प्रभुभोजनाचा रविवार आला. लोक पुढे गेले, गुडघे टेकले, हात पुढे केले. ह्यांनी एकेकाच्या तळहातावर भाकर ठेवली. मग थाळी घेऊन ते कठड्याबाहेर आले. असे कधी झाले नव्हते. भगवानरावांनी गुडघ्यांवरूनच मान वळवली. हे पांढरा झगा सावरत बायकांच्या बाजूला आले आणि हौसाबाईंच्या पुढे उभे राहिले.

आणि तिथेच अडकले. खाली मांडी घालून बसलेली म्हातारी, वर थाळी घेऊन उभा माणूस. आता भाकर द्यायची तर वरूनच. ते ह्यांच्याही ध्यानात आले. हात थाळीकडे गेला आणि तसाच राहिला.

हौसाबाईंनी वर पाहिले. "बस, लेकरा," त्या म्हणाल्या.

आमचे हे, राजाच्या दरबारात कधी कोपरही न टेकवणारे, झग्यासकट सतरंजीवर मांडी घालून बसले. भाकर मोडली, तुकडा हौसाबाईंच्या हातात दिला. दुसऱ्या हाताने त्यांनी ह्यांचे मनगट धरून ठेवले, तुकडा खाऊन होईपर्यंत सोडले नाही. एवढ्यावर भागले असते तरी माझी तक्रार नव्हती. पण हे उठायला लागले तशा हौसाबाई हळूच म्हणाल्या,

"तुज्या बापाचं नाव काय रं?"

"दामाजी," हे म्हणाले.

"साहेबाच्या शेजारी टेकला, लई ग्वाड झालं. पर तवाधरनं त्याला गुडघ्यावरच ठिवलाय तू. आता म्हातारा दमला आसंल. त्याला बी बसू दे."

आणि त्या जराशा सरकल्या. दोघांच्या मध्ये एका माणसापुरती सतरंजी मोकळी झाली.

मेलेल्यांसाठी प्रभुभोजन नसते. आमच्या पंथात ते चालत नाही, आणि हे ह्यांच्याइतके पक्के कुणाला माहीत असणार? कठड्यापाशी सगळे थांबले होते. ह्यांनी थाळी उचलली आणि त्या मोकळ्या जागेपुढे ठेवली. मग त्यांचे खांदे हलायला लागले.

सासरे आमच्या लग्नाआधीच गेलेले. त्यांचा फोटोसुद्धा घरात नाही. मी तोंडाला पदर लावून त्या जागेकडे बघत राहिले, आणि खरे सांगते, मला ते मांडी घालून बसलेले दिसले.