रुमाल टाकलेली जागा

"गोळ्या कुठंयत?" असं विचारून प्रज्ञेश उत्तरासाठी थांबला नाही. खलातला लोखंडी बत्ता उचलून त्यानं बापाच्या डोक्यावर हाणला. मध्ये आईचा हात आला म्हणून बाबुरावांचं कपाळ नुसतं फुटलं. हातावर मात्र घाव पुरता बसला. गोळ्या मिळाल्या नाहीत तसा तो आरसा फोडून बाहेर पडला.

"दुखतंय का गं?" बाबुरावांनी विचारलं.

"काही नाही झालं. तुम्ही निघा, उशीर होतोय," सुंदराबाई म्हणाल्या आणि त्यांनी डाव्या हातानं डबा भरला.

हडपसरच्या पुलावर गाडी घसरून प्रज्ञेशचा मणका दुखावला, तेव्हा दुखणं थांबावं म्हणून त्याला गोळ्या सुरू झाल्या. दुखणं गेलं, गोळ्या राहिल्या. तेव्हापासून बिबवेवाडीच्या त्या दोन खोल्यांत मारामारी झाली की टीव्हीचा आवाज वाढवायचा, अशी रीतच पडली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत दोघांनी दोन वर्षं रेटली.

बाबुराव एका संशोधन संस्थेत प्राणीघर सांभाळत. प्रज्ञेशच्या गोळ्यांसारखी अफूच्या जातीची औषधं मेंदूत नेमकी कुठं चिकटतात, हे तिथं शोधत. त्यासाठी उंदराचा ताजा मेंदू लागे, आणि भूल दिली की मोजमाप बिघडे. म्हणून मान उतरवायला एक छोटं पातं होतं. त्याला इंग्रजी नाव होतं, पण सगळे अडकित्ताच म्हणत. बाबुराव उंदराला आधी छातीशी धरत, कानामागं खाजवत आणि तो सैल पडला की अडकित्ता दाबत. विहारात पंचशील म्हणताना पहिल्या, जीव न मारण्याच्या शीलाला त्यांचा आवाज आपोआप खाली जाई.

त्या दिवशी त्यांनी कुणाला छातीशी धरलं नाही, आणि शर्टाला रक्ताचा वास होता. पहिला उंदीर किंचाळून कडकडून चावला. बाकीचे पिंजऱ्यात एकमेकांवर चढू लागले. "गप! गप म्हणतो ना!" बाबुराव ओरडले, आणि एकेकाला आवळून, खेचून त्यांनी माना उतरवल्या. टेबलावर रक्ताचा चिखल झाला. त्यांना स्वतःचीच किळस आली.

संशोधन करणाऱ्या पूर्वा मॅडमनी त्या मेंदूंचं वाटण केलं. त्यात किरणोत्सर्गाची खूण लावलेलं औषध घातलं, गाळलं, गार पाण्यानं धुतलं. जागेवर चिकटलेलं औषध गाळणीवर उरतं आणि यंत्र तेवढंच मोजतं. दुपारी आकडा नेहमीच्या निम्मासुद्धा आला नाही.

"बाबुराव, तुम्ही उंदीर मारलेत की दंगल केलीत?"

"चुकलं मॅडम. औषध चिकटलंच नाही का?"

"जागा रिकामी नसणार. बहुतेक फार घाबरले होते. जीव भ्याला ना, की मेंदू स्वतःच अफूसारखं काहीतरी सोडतो, आणि ते आधी जाऊन बसतं. स्वारगेटला नाही का, बस लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकतात? मग आपण आत चढून काय उपयोग?"

"पण मेंदू ते सोडतो कशाला?"

"दुखू नये म्हणून."

"माणसाचा पण?"

"माणसाचा पण." मग मॅडमची नजर त्यांच्या कपाळावर गेली. "हे काय लागलंय?"

बाबुरावांना सुंदराबाईंचं सकाळचं 'काही नाही झालं' आठवलं. 'आमची सुंदरा भारी सोशिक' असं ते चारचौघांत कौतुकानं सांगत. तो सोशिकपणा नव्हताच, ती भीती होती. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. अर्धी रजा टाकून ते घरी निघाले.

घरी प्रज्ञेश परतला होता आणि डबे फोडत होता. बाबुरावांनी दारातूनच पोलिसांना फोन लावला.

"पोरगा मारतोय. माझ्या बायकोला मारतोय. लवकर या."

"मला पोलिसांत देतोस?" प्रज्ञेशनं बापाची गचांडी धरून डोकं चौकटीवर आपटलं, मग पुन्हा आपटलं. बाबुरावांचा दात पडला. शेजाऱ्यांनी धावत येऊन त्याला पालथा दाबून धरला, तोवर पोलीस आले.

"मावशी, यानं मारलं का तुम्हाला?" हवालदारानं विचारलं. त्या नाही म्हणाल्या की पोलीस दम देऊन परत जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"आई, पडलीस म्हणून सांग ना!" जमिनीवरून प्रज्ञेश ओरडला.

"नाही हो, मी..." सवयीनं सुंदराबाई म्हणू लागल्या.

"सुंदरा, मी आहे इथं. भिऊ नकोस," बाबुराव रक्त थुंकून म्हणाले.

सुंदराबाईंनी लेकाकडे पाहिलं. "मारतो," त्या म्हणाल्या. "रोज मारतो."

प्रज्ञेशला घेऊन पोलिसांची गाडी वळणाआड गेली. सुंदराबाई पायरीवर बसल्या आणि एकाएकी अशा किंचाळल्या की आळी गोळा झाली. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत काळानिळा पडून सुजला होता.

हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं सुई भरली.

"हिनं लगेच बरं वाटेल, मावशी. दुखणं कळणारसुद्धा नाही."

सुंदराबाईंनी घामानं भिजलेला चेहरा वर केला.

"थांबा जरा," त्या कण्हत म्हणाल्या. "दुखू द्या."