उत्तर नाही, म्हणजे मोकळं

घटना: पद्धत ठरवणे
दिनांक: १० जानेवारी १९९९
हजर: सगळे, म्हणजे दोघे

सांगलीचा पुष्कर आणि पाटणचा महेंद्र, कॉलेजपासूनचे जोडीदार. त्यांचा कॅलेंडरचा प्रोग्राम फुकट होता, सोर्स कोड साऱ्या जगाला खुला होता, आणि साऱ्या जगातून त्याला हात लावायला कुणी येत नव्हतं. तरी पहिलं गिऱ्हाईक मिळालं. एका ट्रस्टची दोन मंगल कार्यालयं, एक साताऱ्यात, एक सांगलीत. कुठंही बसून दोन्हीकडची तारीख धरता आली पाहिजे, एवढीच त्यांची मागणी.

महेंद्रचं म्हणणं साधं. रोज संध्याकाळी तारखांची फाईल ईमेलनं पाठवायची. फोन लागला नाही तर कालची फाईल हाताशी असतेच. पुष्करला थेट पद्धत हवी होती. साताऱ्याच्या कॉम्प्युटरनं फोन करून सांगलीच्या कार्यालयातल्या सर्व्हरला तिथल्या तिथं विचारायचं. तिच्या नियमांचा मसुदा परदेशात अजून लिहून होत होता. दोघांच्यानं एकच काहीतरी होईल, असं महेंद्र म्हणाला. पुष्करनं ते मान्य केलं आणि स्वतःची निवडली.

"फाईल पाठवायची म्हणजे पोस्टमनकी झाली," तो म्हणाला. "तुमच्याकडे चालत असेल."

महेंद्र हसला. तुमच्याकडे म्हणजे पाटणला की आणखी कुठं, हे त्यानं विचारलं नाही. सहा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

घटना: तात्पुरती ओळ
दिनांक: फेब्रुवारीत कधीतरी

सर्व्हरनं फोन उचललाच नाही तर पडद्यावर काय दाखवायचं? मसुद्यातलं ते पान अजून यायचं होतं. महेंद्रनं एक ओळ लिहून टाकली: उत्तर नाही, तर धरलेल्या तारखांची यादी रिकामी. शेजारी टीप ठेवली, नंतर बघू. नंतर बघायला तिसरा माणूस कुठून आणायचा?

घटना: पायलचं लग्न
दिनांक: ९ मे, रविवार
ठिकाण: सांगलीचं कार्यालय
तारीख धरली: साताऱ्यातून, १५ मार्च, सोमवार

पायल महेंद्रची धाकटी बहीण, नवरा मुलगा सांगलीचा. घर बौद्ध, मुहूर्ताचा प्रश्न नाही. माणसांना सुट्टी असावी म्हणून रविवार बघितला. आई पारूबाईला महेंद्र मुद्दाम साताऱ्याला घेऊन गेला. तिला पडदा दाखवला. रविवार मोकळा होता. हे सगळं मी केलंय, असं त्यानं सांगितल्यावर तिनं पडद्याला लांबूनच हात जोडले.

सोमवारी सांगलीच्या कार्यालयाच्या भागात लाईट नसते, हे शेंबड्या पोराला ठाऊक. महेंद्रलाही होतं.

घटना: तीच
वेळ: तीच
ठिकाण: तेच

पाटणचा ट्रक आला तेव्हा आत दुसऱ्यांची सनई वाजत होती. व्यवस्थापक नानासोंनी दोन्ही पावत्या बघितल्या, मग दोन्हीकडची माणसं बघितली. पावत्यांना जास्त वेळ लागला.

"त्यांचा मुहूर्त हाय. फुडच्या रविवारपास्नं अधिक महिना लागतोय, त्यांनी कुटं जायाचं? तुमास्नी मुहूर्त लागत न्हाई. उद्या करा की."

"आवं, पोरीला हळद लागलीया," पारूबाई म्हणाली.

"मग उन्हात हुबं ऱ्हाऊ नका. मागं जागा हाय."

मागं म्हणजे जिथं उष्ट्या पत्रावळ्या टाकत. त्या ढिगापासून दहा पावलांवर पाट मांडून वंदना झाली, हार घातले गेले. पुष्कर आला होता, काखेत भेटवस्तू घेऊन. कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर बघून तो मागं आला आणि महेंद्रच्या कानाशी लागला.

"ओळ तुझी आहे. नावही तुझंच आहे तिथं."

पायलनं ऐकलं. "दादा, सोमवारचं तुला ठाऊक होतं?"

"होतं."

तिनं गळ्यातला हार सारखा केला आणि सासरच्या जीपमध्ये जाऊन बसली.

घटना: चूक क्रमांक एक
कळवणार: पुष्कर
जबाबदार: महेंद्र
स्थिती: दुरुस्त, १० मे

उत्तर नाही, तर तारीख धरू नका. ओळ बदलायला चार मिनिटं लागली.